जगात जर्मनी, भारतात परभणी

‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ हे वाक्य ऐकलं नाही असा एकही प्राणी आपल्या हॉस्टेलमध्ये सापडणार नाही. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या फर्स्ट इयरच्या पोराला पहिल्याच आठवड्यात ते ऐकवलं जातं. आपण ते अभिमानाने म्हणतो की स्वतःचीच टिंगल करतो, हे त्या बिचाऱ्याला चार वर्षांत कळत नाही. जर्मनी आणि परभणी यांचं यमक जुळतं, एवढाच काय तो संबंध, असं सगळे धरून चालतात. मला मात्र हल्ली वाटायला लागलंय की एका बाबतीत ही जोडी यमकापेक्षा जास्त जुळते. दोन्हीकडे एक काळ असा आला, की नेत्याने शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभं केलं. तो नेता गेला. आणि मग मागे राहिलेल्यांना त्याच गल्लीत, त्याच पाणवठ्यावर, एकमेकांची तोंडं बघत दिवस काढावे लागले.

हा विषय डोक्यात यायला कारण आपली मेस. रात्री ताटावरचे हात वाळून जातात, पण वाद संपत नाहीत. प्रत्येक टेबलाचा नावडता नेता वेगळा. कुणाचा दिल्लीतला, कुणाचा मुंबईतला, कुणाचा अगदी तालुक्यातला. पण सगळ्या वादांचा शेवट एकाच वाक्यावर होतो : “एकदा हा माणूस गेला ना, की बघ सगळं कसं सुतासारखं सरळ होतंय!” तो माणूस कोण, यात मला पडायचं नाही. (पडलो तर संपादक मंडळ दिलेलं पान काढून घेईल!) माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समजा, गेला तो. पुढे काय? फूट पाडणारा नेता गेल्यावर देशाचं राजकारण पुन्हा माणसात येतं का?

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. ते आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण परभणी झाली नाही. आपण तेव्हा हैदराबाद संस्थानात होतो. संस्थान म्हणजे काही पाच-पन्नास गावांची जहागिरी नव्हे. सोळा जिल्हे, मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी दीड कोटीच्या वर प्रजा, स्वतःचं नाणं, स्वतःची रेल्वे, स्वतःचं सैन्य. कारभाराची भाषा उर्दू. निजाम मीर उस्मान अली खान यांना भारतात सामील व्हायचं नव्हतं. म्हणजे पुढचे तेरा महिने आपण जवळजवळ एका वेगळ्याच देशात राहत होतो. त्यामुळे ‘देशाचं राजकारण सावरतं का’ हा प्रश्न आपल्याला लागू पडतो.

या संस्थानात १९४६ साली मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रं एका वकिलाच्या हाती गेली. वकिली कुठे करायचा? तर आपल्या शेजारी, लातूरला. नाव कासिम रझवी. त्याच्या स्वयंसेवकांना रझाकार म्हणत. मूळ अर्थ नुसता स्वयंसेवक, पण त्या दोन वर्षांत या शब्दाचं काय झालं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा रझवी जाहीर सभांतून करत असे. ऑक्टोबर १९४७ मध्ये निजामाचं शिष्टमंडळ दिल्लीला करार करायला निघणार होतं, तर रझाकारांच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घालून त्यांना निघूच दिलं नाही. खुद्द निजामाच्या हातातून कारभार निसटत चालला होता.

खेड्यापाड्यात काय चाललं होतं हे पुस्तकापेक्षा घरात जास्त ऐकायला मिळतं. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. रझाकार आले की लूट, खंडणी, जाळपोळ. आमच्या घरातली बायकामुलं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात नातेवाइकांकडे जाऊन राहिली होती. त्या बाजूची अशी कितीतरी घरं तेव्हा वऱ्हाडात गेली होती. आमच्या आजीचं कॅलेंडरच वेगळं आहे. तिच्या हिशेबात सन नसतात : ‘रझाकारी’, ‘बहात्तरचा दुष्काळ’, ‘नामांतर’ आणि ‘भूकंप’. कोण कधी जन्मलं, कुणाचं लग्न कधी झालं, सगळं या चार खुंट्यांना टांगलेलं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. रझवीने फूट पाडली ती हिंदू आणि मुसलमानांत, हे खरं; पण त्याच्या विरोधात बोलणाऱ्या मुसलमानाचीही त्याच्या लोकांनी गय केली नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात सामील व्हा, असं उघड लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्याचा खून झाला आणि त्याचा लिहिता हात तोडला गेला. पूर्ण जमात रझवीची होती, असं म्हणणाऱ्याने हे नाव आधी खोडून दाखवावं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. आपल्याकडे याला पोलीस अ‍ॅक्शन म्हणतात. पाच दिवसांत खेळ खलास. रझवी पकडला गेला, खटला चालला, शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगातून तो १९५७ साली सुटला, पाकिस्तानात निघून गेला आणि १९७० मध्ये कराचीत मेला. त्याच्या साथीने राज्य करणारा पंतप्रधान मीर लायक अली नजरकैदेतून निसटून १९५० मध्येच पाकिस्तानात पोचला होता.

म्हणजे ‘हा माणूस एकदा गेला की’ या वाक्यातली अट शंभर टक्के पूर्ण झाली! नेता गेला, त्याची फौज मोडली, त्याची संघटना बंद पडली. मग सगळं सुतासारखं सरळ झालं का?

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये आपण यूटीएम मशीनवर सळई ताणतो. यील्ड पॉइंटच्या आत लोड काढला तर सळई पहिल्यासारखी होते. पण त्या पुढे ताणून मग लोड काढला तर ती थोडी मागे येते आणि तशीच राहते. त्याला आपण परमनंट सेट म्हणतो आणि जर्नलमध्ये आकृती काढून मोकळे होतो. माणसांच्या समाजाचंही असंच असावं. रझवी गेला म्हणजे लोड निघाला. पण सळई तोपर्यंत यील्ड पॉइंटच्या पुढे गेली होती.

कारण पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत जे झालं ते आपल्या १७ सप्टेंबरच्या भाषणांत येत नाही. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमानांवर गावोगाव उगवला गेला. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून आले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा आहे. सर्वांत जास्त हानी झालेले चार जिल्हे त्यांनी सांगितले : उस्मानाबाद (म्हणजे आताचं धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. नांदेड म्हणजे आपल्या शेजारचं ताट. आकड्यावर अभ्यासकांत वाद आहेत आणि ते असू देत. पण आकडा निम्मा धरला तरी तो लहान होत नाही.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भाईबंदांना हिंदू जमावापासून वाचवलं, आणि ते करताना स्वतःचे जीवही गमावले. विचार करा. नेता गेलेला, नवा नेता अजून आलेला नाही, कायदा जागेवर नाही. अशा वेळी माणसाला माणूस ठेवणारी गोष्ट कोणती ठरली? तर एकाच मागावर बसण्याची सवय! सूत एक, बाजार एक, सावकार एक. राजकारण सावरण्याची पहिली खूण मला त्या विणकरांत दिसते, दिल्ली-हैदराबादच्या कचेऱ्यांत नाही.

आमच्या गावातही एक शिंप्याचं घर होतं. आजोबांचे सदरे तेच शिवायचे. पोलीस अ‍ॅक्शननंतर एका रात्रीत ते घर निघून गेलं. का गेलं, कुणी घालवलं, हे आजोबांना अनेकदा विचारलं. रझाकारांच्या गोष्टी ते तासभर सांगतात. इथे आले की, “गेले बाबा ते. त्येंचं त्येंनाच ठावं,” एवढंच म्हणतात आणि तंबाखू मळायला घेतात.

असो. पण ही गोष्ट इथेच थांबवली तर तीही अर्धीच होईल. कारण यानंतरची चार वर्षं मला कमाल वाटतात.

१९४९ मध्ये जहागिऱ्या संपवल्या गेल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. आणि १९५२ च्या सुरुवातीला पहिली निवडणूक झाली. एकवीस वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला मत : बाईला, भूमिहीनाला, दलिताला, आणि हो, त्या मुसलमानालाही, ज्याच्याकडे तीन वर्षांपूर्वी ‘हा रझाकार असणार’ म्हणून बघितलं जात होतं. आता सांगा, या निवडणुकीत परभणीने लोकसभेवर कुणाला पाठवलं? संस्थान मुक्त करणाऱ्या लढ्याचं श्रेय ज्या काँग्रेसकडे होतं तिला नाही, तर शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमाऱ्यांना. संस्थानाच्या तेलंगण भागात कम्युनिस्टांच्या आघाडीने काँग्रेसला घाम फोडला.

याचा अर्थ काय? साडेतीन वर्षांपूर्वी इथे राजकारण एकाच प्रश्नावर चाललं होतं : ‘तू कोण?’ १९५२ मध्ये प्रश्न बदलला होता : ‘कुळाला जमीन मिळणार का? लेव्ही किती? कर्ज कोण माफ करणार?’ माझ्या मते, राजकारण सावरलं की नाही हे ओळखायची परीक्षा हीच आहे. भांडण संपणं ही काही परीक्षा नाही. भांडण तर लोकशाहीत असणारच, नाही तर मेसमध्ये आपण बोलायचं तरी काय! परीक्षा ही, की भांडण ‘कोण’ वरून ‘काय’ वर आलं का. ‘काय’ च्या भांडणात माणूस बाजू बदलू शकतो. आज मी तुझ्याविरुद्ध, उद्या पाटपाण्यासाठी तुझ्याबरोबर. ‘कोण’ च्या भांडणात बाजू जन्माच्या दाखल्यावर ठरते आणि कधीच बदलत नाही.

आणि बघा, हे साधताना सगळं काही धुऊन-पुसून नवं केलेलं नव्हतं. ज्याच्या नावाने हे सगळं झालं तो निजाम २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, म्हणजे राज्याची भाषावार वाटणी होऊन आपण मुंबई राज्यात येईपर्यंत, त्या पदावर राहिला. रझवी आत आणि निजाम राजप्रमुख! अनेक स्वातंत्र्यसैनिकांना हे झोंबलं असणार, आणि झोंबण्यासारखंच होतं. पण यातून एक शिकायला मिळतं. नेता जाण्यावर आपण जेवढा जोर देतो तेवढा तो महत्त्वाचा नसतो. मोठा माणूस खुर्चीवर बसून राहिला तरी राजकारण सावरू शकतं, जर खालचं मत, खालची जमीन आणि खालचा कायदा बदलला तर.

मग आता प्रश्न असा, की हैदराबादची केस पास की नापास? मी म्हणेन, एटीकेटी! पुढच्या वर्षाला प्रवेश मिळाला, पण एक विषय राहिला. आणि राहिलेल्या विषयाचं काय होतं हे इंजिनिअरिंगच्या पोराला सांगायला नको. तो दर सेमिस्टरला समोर येऊन उभा राहतो.

राहिलेला विषय म्हणजे खरं सांगण्याचा. सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना उघडपणे पाहायला मिळाला तो २०१३ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांनी! तोवर एका बाजूच्या घरात एक अर्धी गोष्ट वाढली आणि दुसऱ्या बाजूच्या घरात दुसरी अर्धी. माझ्या आजोबांकडे रझाकारांची गोष्ट आहे. त्या शिंप्याच्या नातवाकडे, तो जिथे कुठे असेल तिथे, पोलीस अ‍ॅक्शनची गोष्ट असणार. दोन्ही खऱ्या. पण दोन्ही कधी एका पंगतीला बसल्या नाहीत.

आणि एकाच्या रागाची शिक्षा दुसऱ्याला देण्याची सवय तशीच राहिली. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि पुढच्या दिवसांत मराठवाड्यातल्या खेड्यांत दलितांची घरं जाळली गेली. ठराव झाला मुंबईत, जळली खेड्यातल्या मजुराची झोपडी. नांदेड आणि आपला परभणी जिल्हा यात मागे नव्हते, हे सांगताना मान खाली जाते. तेव्हा रझवीला मरून आठ वर्षं झाली होती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. दोन्ही घटनांची कारणं वेगळी आहेत, मला कळतं. पण ‘तो त्यांच्यातला आहे ना, मग बस्स’ हे तर्कशास्त्र एकच आहे.

आता जर्मनीकडे येऊ, म्हणीला जागायला हवं.

३० एप्रिल १९४५ ला हिटलरने आत्महत्या केली. त्यानंतर न्यूरेंबर्गचे खटले झाले, १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीची नवी राज्यघटना आली, कारखाने पुन्हा धडाडू लागले. वरून बघणाऱ्याला वाटेल, सावरला की देश! पण अमेरिकन लष्करी प्रशासनाने त्या पहिल्या वर्षांत ज्या पाहण्या केल्या त्यांत जवळपास निम्मे जर्मन लोक म्हणत होते की नाझी विचार चांगला होता, अंमल वाईट झाला. नाझींच्या वंशभेदी कायद्यांवर भाष्य लिहिणाऱ्यांपैकी एक, हान्स ग्लोबके, १९५३ ते १९६३ अशी दहा वर्षं चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या कार्यालयाचा प्रमुख होता. म्हणजे तिथेही नेता गेला होता, पण घरात कुणी बोलत नव्हतं. आपल्या आजोबांसारखेच तिकडचे आजोबाही तंबाखूकडे वळत होते म्हणा ना.

फरक पडला तो पुढे. फ्रिट्झ बावर नावाच्या एका सरकारी वकिलाने १९६३ मध्ये फ्रँकफर्टला आउशवित्झच्या छळछावणीतल्या लोकांवर खटला उभा केला. परक्या विजेत्यांनी नव्हे, जर्मन न्यायालयाने, जर्मन भाषेत, जर्मन माणसांवर. शेजारचा औषध दुकानदार, बँकेतला कारकून असे लोक आरोपीच्या पिंजऱ्यात दिसले. मग कॉलेजातल्या पोरांनी घरी जाऊन वडिलांना विचारायला सुरुवात केली : तुम्ही तेव्हा काय करत होतात? ७ डिसेंबर १९७० ला चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्साच्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे गुडघ्यांवर बसले. हा माणूस स्वतः नाझींचा विरोधक, देश सोडून पळालेला. तरी बसला. आणि १९९२ पासून जर्मनीच्या रस्त्यांत, ज्या घरातून माणूस उचलून नेला त्या घरासमोर, त्याच्या नावाची छोटी पितळी पट्टी बसवायचं काम सुरू आहे. युरोपभर अशा एक लाखाहून जास्त पट्ट्या झाल्या. सकाळी पाव आणायला निघालेल्या माणसाच्या पायाखाली नाव येतं.

याने जर्मनीतली फूट पाडणारी माणसं कायमची संपली का? नाही. तिथेही अधूनमधून जुनी भाषा डोकं वर काढते. पण ती काढणाऱ्याला तिथे निदान समोर उभं राहणारी एक पूर्ण गोष्ट असते. आपल्याकडे समोर दोन अर्ध्या गोष्टी असतात आणि त्या एकमेकींवरच तुटून पडतात.

तुम्ही म्हणाल, ‘कशाला खपली काढायची? ७५ वर्षं झाली, लोक विसरले. गावात उरुसाला सगळे जातात, परभणीत तुराबुल हकच्या दर्ग्यावर फेब्रुवारीत अर्धा जिल्हा लोटतो, हिंदू काय अन् मुसलमान काय.’ खरं आहे. मीही जातो. ती आपली खरी कमाई आहे आणि ती कुठल्या सरकारने दिलेली नाही. पण लोक विसरले, हे मात्र मला पटत नाही. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या प्रचारात रझाकार हा शब्द पुन्हा व्यासपीठावर आला. मल्लिकार्जुन खर्गे यांचं गाव बिदर जिल्ह्यातलं. त्यांच्या लहानपणी रझाकारांनी लावलेल्या आगीत त्यांची आई आणि बहीण गेल्या. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी प्रचारसभेत त्याचा उल्लेख करून खर्गे यावर गप्प का, असं विचारलं. खर्गे यांचे चिरंजीव प्रियांक यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता, की हे दुष्कृत्य रझाकारांचं होतं, संपूर्ण मुसलमान समाजाचं नव्हे. पक्षांचं जाऊ द्या. ज्याच्या घरात आग लागली त्या घरातला माणूस ‘कोणी’ आणि ‘सगळ्यांनी’ यांत फरक करतो, आणि ज्याचं काहीच जळलं नाही तो करत नाही, हे मला विचार करायला लावतं. खपली आपण काढली नाही तर ती निवडणुकीत काढली जाते, आणि तिथे मलम लावायला कुणी बसलेलं नसतं.

निवडणूक तरी लांब राहिली. आमच्याच विंगमध्ये सेकंड इयरचा एक मुलगा आहे. क्रिकेटमध्ये त्याने कुणाला आउट केलं की दोघं-तिघं ओरडतात, “ए रझाकार!” गंमत म्हणून. तोही हसतो. पण ते हसू जरा उशिरा येतं, हे लक्ष देऊन बघितलं तर दिसेल. त्याच्या वडिलांचासुद्धा जन्म रझवी मेल्यावरचा आहे. रझवी देश सोडून गेला १९५७ ला. त्याचा शब्द अजून आपल्या हॉस्टेलच्या ग्राउंडवर फिल्डिंग करतोय!

काही जण म्हणतात, माणसांच्या मनाचं सोडा, नियम पक्के करा म्हणजे झालं. यातही तथ्य आहे, नाही असं नाही. आणीबाणीचंच घ्या. मार्च १९७७ मध्ये इंदिराबाई हरल्या आणि जानेवारी १९८० मध्ये पुन्हा निवडून आल्या. ‘एकदा गेल्या की’ वाले तीन वर्षांतच तोंडावर पडले. पण मधल्या काळात, १९७८ मध्ये, ४४ वी घटनादुरुस्ती झाली होती. ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्या ढोबळ कारणावर आणीबाणी आणायची सोय तिने काढून टाकली आणि तिथे ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. माणूस परत आला, पण फ्यूज बदललेला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑपरेटर बदलला की समाधान मानू नका, सर्किट तपासा. पण घटनेतला फ्यूज दिल्लीत बदलता येतो. ‘ए रझाकार’ चा फ्यूज विंगमध्येच बदलावा लागतो. त्याला कुठली घटनादुरुस्ती पुरणार?

थोडक्यात काय, तर माझं म्हणणं असं. फूट पाडणारा नेता गेल्यावर राजकारण सावरू शकतं. ही भाबडी आशा नाही, १९५२ मध्ये परभणीने करून दाखवलेलं आहे, आणि तेही कुणाच्या अपेक्षेपेक्षा लवकर. पण ते आपोआप होत नाही आणि नेता जाण्याने तर मुळीच होत नाही. सर्वांना मत मिळालं, पोटापाण्याचा प्रश्न मध्यभागी आला, शिक्षा ठरावीक माणसांना झाली, म्हणून ते झालं. आणि जिथे खरं सांगितलं गेलं नाही, निरपराधांना झालेली शिक्षा मोजली गेली नाही, तिथे ते अर्धं राहिलं. जर्मनीला हा बॅकलॉग काढायला वीस-पंचवीस वर्षं उशीर झाला. आपला अजून शिल्लक आहे.

तो काढायला आपण काय करू शकतो? आपण काही चॅन्सेलर नाही की संसद नाही. पण आपल्या कॉलेजचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर दर हिवाळ्यात एखाद्या खेड्यात असतं. आपण तिथे गटार साफ करतो, पथनाट्य करतो, शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो काढतो. हे चांगलंच आहे. त्यात एक काम वाढवावं, असं मी प्राध्यापक मंडळींना सुचवतो. प्रत्येक शिबिरात त्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांपाशी बसून रझाकारी आणि पोलीस अ‍ॅक्शन, दोन्हींच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. सगळ्या आळ्यांतल्या. देवळाजवळच्या, मशिदीजवळच्या आणि गावकुसाबाहेरच्या सुद्धा. नाव गुप्त ठेवायचं असेल तर ठेवायचं. निष्कर्ष काढायचे नाहीत, कोण बरोबर ते ठरवायचं नाही, फक्त ऐकून जपून ठेवायचं. अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ जाण्याआधी वाचून घ्यावं. तेव्हाच्या आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या नरहर कुरुंदकरांचं हैदराबादवरचं लेखनही वाचावं, म्हणजे काय विचारायचं ते कळेल.

आणि हे उद्यावर टाकण्यासारखं काम नाही. १९४८ साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या घरात आहे. दर वर्षी ध्वजारोहणाला पुढच्या रांगेतल्या खुर्च्या कमी होत चालल्या आहेत. त्या खुर्च्यांवर बसलेल्यांच्या तोंडून अर्धी गोष्ट तरी आपण ऐकली. ज्यांना त्या रांगेत कधी खुर्चीच मिळाली नाही, त्यांच्याकडची अर्धी गोष्ट कोण ऐकणार?

तोवर मेसमधला वाद चालू द्या. फक्त ‘हा माणूस एकदा गेला की’ असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा : “अन् तू? तो गेल्यावर तू काय करणार आहेस?”